कुठल्या गावचं?

सोलापुरात थंडी पडते म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. मे महिन्यात चव्वेचाळीसला टेकणारं हे गाव. पण डिसेंबरात पहाटे जरा गार वाजलं की आम्ही लगेच कानटोप्या शोधायला लागतो. त्यात आणखी गंमत म्हणजे हे चादरींचं गाव. कुठल्याही नातेवाइकाकडं जायचं झालं की हातात चादरीची घडी आलीच. आणि आम्ही स्वतः ऊब विकत घेतो ती तिबेटी बायकांकडून. दिवाळीचा फराळ तळाला गेला की रस्त्याकडेला बांबू रोवले जातात, ताडपत्र्या चढतात आणि स्वेटरच्या गाळ्यांची एक रांग उभी राहते. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते. गड्डा उठायच्या सुमाराला ही रांगही उठते.

मी गेली अकरा वर्षं एकाच बाईकडून घेते. ती कर्नाटकातल्या मुंडगोडहून येते. दलाई लामा १९५९ साली भारतात आले, त्यांच्यामागून हजारो लोक आले आणि त्यातल्या काहींना १९६६ पासून मुंडगोडच्या जंगलपट्टीत जमिनी मिळाल्या. हिचा जन्म तिथलाच. तिबेट तिनं पाहिलेलाच नाही. मराठी तिला जेमतेम येतं, माझं हिंदी सोलापुरी, म्हणजे हिंदीवाल्याला न समजणारं. मग आम्ही दोघी कन्नडात बोलतो. ल्हासाकडच्या घराण्यातली बाई आणि तुळजापूरकडच्या घराण्यातली बाई, सोलापूरच्या फुटपाथवर कन्नडात घासाघीस करतायत, हे चित्र मला फार आवडतं. अर्थात घासाघीस मी एकटीच करते. "एष्टु?", किती, असं विचारलं की ती मान न वळवता म्हणते, "बोर्ड नोड्री." बोर्ड बघा. बोर्डावर एकच भाव. शेजारच्या गाळ्यात तोच, त्याच्या शेजारी तोच.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी विचारलं, तुम्ही सगळ्या ठरवून करता काय हे? तर म्हणाली, ठरवूनच. भाव संघटना ठरवते, कुणी खाली उतरलं तर दंड. कुणाचा गाळा कुठं, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. "यंदा कोपरा निघाला," असं ती एका वर्षी लॉटरी लागल्यासारखं सांगत होती. एका वर्षी तिच्या वाट्याला डीपीशेजारची, गटाराजवळची जागा आली. तेव्हा कुरकुर केली, पण जागा बदलून मागितली नाही. माल लुधियानाहून उधारीवर येतो. हंगाम संपला की फेड. तो व्यापारी हिला ओळखत नाही, संघटनेला ओळखतो. एकीनं बुडवलं तर पुढच्या वर्षी सगळ्यांची उधारी अवघड होणार, म्हणून एकमेकींवर लक्ष असतं, आणि एखादी आजारी पडली तर तिचा गाळाही बाकीच्या आळीपाळीनं चालवतात.

मी सवयीनं विचारलं, "तुमची संघटना रजिस्टर आहे का?"

"रजिस्टर?" ती गल्ल्याखाली वाकली आणि एक लांबट, कडा मळलेली वही काढून माझ्यापुढं धरली. "इल्लैती नोड्री." हे बघा, इथं आहे.

मला हसूच आलं. पण मग ते हसू बरेच दिवस टोचत राहिलं.

माझी सवय धंद्याची. अठ्ठावीस वर्षं मी एका ऑडिटरच्या ऑफिसात काढली, आणि आमच्याकडं बहुतेक कामं संस्थांचीच. मंदिरं, तालमी, शाळा, वाचनालयं, ज्ञातिमंडळं, महिला मंडळं. संस्था कशी जन्माला येते, हे मी झोपेतही सांगेन. सात माणसं गोळा करायची. नाव, उद्देश, नियमावली. पहिली सभा, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. मग १८६० च्या कायद्याखाली नोंदणी, १९५० च्या कायद्याखाली विश्वस्त व्यवस्थेची नोंदणी, पॅन, बँकेत खातं, दरवर्षी ऑडिट, माणसं बदलली की चेंज रिपोर्ट. हे सगळं चोख असलेल्या आणि आतून मेलेल्या किती संस्था मी पाहिल्या, त्याला गणती नाही. इतिवृत्ताची वही सुवाच्य, सह्या सगळ्यांच्या, आणि सभा झालेलीच नाही. वर्षभराचे चहापाण्याचे खर्च एका बैठकीत, एकाच शाईनं लिहिलेले. शाई बघून कळतं.

आणि इथं ही एक वही, जिला कायद्याच्या लेखी अस्तित्व नाही, पण जिच्या जोरावर लुधियानाचा व्यापारी ट्रक भरून माल पाठवतो.

अशी एक वही आमच्या घरातही होती. तिचं नाव घ्यायला मला तिबेटी बाईची वही दिसावी लागली, ही माझी कमाई.

आमचं घराणं मूळ तुळजापूरच्या पुढचं, नळदुर्गाच्या अंगाचं. आज गाडीनं तासभर. तामलवाडी आली की धाराशिव जिल्हा लागतो, एवढीच काय ती हद्द. पण १९४८ पर्यंत त्या बाजूला निजामाचं राज्य होतं आणि या बाजूला मुंबई इलाखा. माझी आजी त्या बाजूला शेवटपर्यंत 'मोगलाई' म्हणायची. मोगलाईत रुपया हाली, इकडं कलदार. हद्दीवर करोडगिरीचे नाके. पोराच्या अंगावर नवं कापड असलं तरी नाक्यावर चौकशी व्हायची, असं ती सांगायची.

१९४७ च्या नोव्हेंबरात निजामानं भारताबरोबर 'जैसे थे' करार केला आणि त्याच्या आडोशानं रझाकारांचा जोर वाढत गेला. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. स्टेट काँग्रेसची कृती समिती दिगंबरराव बिंदूंच्या पुढारपणाखाली हद्दीबाहेरून लढा चालवत होती. सोलापूर, बार्शी ही गावं त्या लढ्याचं परसदार झाली होती. बंदुका इथून तिकडं जात होत्या आणि माणसं तिकडून इकडं येत होती. बंदुकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय.

आजी तेव्हा एकोणीस वर्षांची. मांडीवर माझे वडील. शेजारच्या वस्तीत गंजी पेटलेल्या दिसल्या आणि त्याच रात्री आमची बैलगाडी निघाली. जातं नेता येईना, म्हणून आजीनं त्याचा खुंटा तेवढा उपटून घेतला. का, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "हाताला सापडलं ते घेतलं बग," म्हणायची. नाका चुकवून, शेताशेतानं, ज्वारीच्या धसकटांतून. पहाटे सोलापूरच्या तुळजापूर वेशीपाशी आले तर तिथं दोन पोरं बसलेली, सोळा-सतरा वर्षांची. पोलीस नव्हेत, कुणी पुढारीही नव्हेत. त्यांनी गाडीचं जू धरलं आणि विचारलं, "कुठल्या गावचं?"

ती पोरं आधल्या महिन्यात अशीच आलेली. त्यांना एवढंच काम दिलेलं होतं. गाव विचारायचं आणि त्या बाजूची माणसं ज्या वाड्यात उतरलीत तिथं गाडी पोचवायची. गाव सांगितल्यावर एक पोरगा म्हणाला, "मग पाटलाच्या लेकीचं सासर तुमच्यातच की." आजीला तिथं रडू फुटलं. वाटेत कुठंच रडली नव्हती.

ज्या वाड्यात उतरले तिथं सहा कुटुंबं होती, नंतर चौदा झाली. ओसरीत, गोठ्यात, माळवदावर. माझ्या आजीचे थोरले दीर, म्हणजे आमचे थोरले आजोबा, सावकाराकडं कीर्द लिहिण्याचं काम केलेले. आठवड्याभरात त्यांनी एक वही घातली. मी ती लहानपणी पाहिली आहे. लाल बासनात देवघराच्या फळीवर असायची, दसऱ्याला तिची पूजा व्हायची. मोडीतून लिहिलेली, म्हणून मला वाचता यायची नाही. आजोबा बोट ठेवून वाचून दाखवायचे. नाव. गाव. माणसं किती. बैल आहेत का. काय येतं. आणि शेवटचा रकाना, मागं कोण राहिलं.

ऑडिटच्या धंद्यात पडल्यावर मला त्या रकान्यांचं मोल कळलं. मदत वाटणारा माणूस पहिले तीन रकाने घालतो. नाव, गाव, डोकी, म्हणजे शिधा मोजता येतो. 'बैल आहेत का' हा रकाना आतला माणूसच घालणार. कारण त्याला ठाऊक की एकाकडं गाडी आहे न बैल नाहीत, दुसऱ्याकडं बैल आहेत न गाडी रस्त्यात मोडली. दोघांना एकत्र बांधलं की मालधक्क्यावरची भाडी मिळतात. 'काय येतं' या रकान्यापुढं आजीच्या नावावर आजोबांनी लिहिलं होतं, 'दळण, शिवण, गाणी'. गाणी कशाला लिहिलं विचारलं, तर म्हणाले, बारशाला लागतात. त्या पावसाळ्यात वाड्यात तीन बाळंतपणं झाली.

दर सोमवारी प्रत्येक चुलीमागं एक मूठ जोंधळे मडक्यात. ज्याला गिरणीत बदलीवर काम लागलं त्यानं आठवड्याला एक आणा. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं, आणि गाठ उघडताना दोन वेगवेगळ्या गावांची माणसं हजर पाहिजेत, हा नियम. आमच्या धंद्यात याला मोठं नाव आहे, बँकेच्या खात्यावर दोन सह्या लागतात ती हीच गोष्ट. चौदा घरांनी ती मडक्यावर बसवली होती.

बाहेरची मदत आली नाही असं नाही. शहरानं पुष्कळ केलं. गिरणी कामगारांनी वर्गण्या काढल्या, व्यापाऱ्यांनी धान्य दिलं. त्याबद्दल आजीच्या मनात कृतज्ञता होती, पण एक बारीक रागही होता. "द्यायला आल्याले लोक उबं राहून द्यायचे," ती म्हणायची. "आन आपला माणूस आदी बसायचा."

बसण्याची ही गोष्ट तिला आणखी एका ठिकाणी भेटली. गल्लीत पुढं पद्मशालींची घरं. घरोघरी माग, खटखट चाललेली, आणि उंबऱ्यात बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. आजी तिथं नुसती बघत उभी राहिली तर एक म्हातारी म्हणाली, "रा, कूर्चो." ये, बस. आजीला तेलुगूचे आलेले पहिले दोन शब्द. तेंदूचं पान भिजवायचं कसं, साचा ठेवून कातरायचं कसं, दोरा किती आवळायचा, आणि विडी अशी वळायची की कारखान्यात मोजणीला छाट कमी निघाली पाहिजे, हे सगळं त्या म्हातारीनं शिकवलं. महिन्याभरात आजी हजाराच्या आकड्याला आली.

ही पद्मशाली मंडळीही मूळची निजामाच्याच राज्यातली, तेलंगणातली. दुष्काळानं, उपासमारीनं, मागाला सूत न मिळाल्यानं त्यांच्या आधीच्या पिढ्या सोलापूरला आलेल्या. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी निघाली, तिला पुढं सगळं गाव जुनी मिल म्हणायला लागलं, आणि त्या भोंग्याच्या आवाजावर माणसं येत राहिली. त्यांना कुणी निर्वासित म्हटलं नाही. 'पोटासाठी आलेले' म्हटलं. गोळीला भिऊन पळाला तो निर्वासित आणि भुकेला भिऊन पळाला तो कामगार, हा भेद सरकारी कागदावर असेल. आमच्या गल्लीत दोघांनी एकाच राजाला मागं टाकलेलं होतं. भाषा वेगळी, एवढंच.

आणि या मंडळींनी काय काय उभं केलं ते बघा. ज्ञातीची संस्था, तिच्या मागून शिक्षण संस्था. आज कुचन प्रशालेचं नाव सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मार्कंडेय महामुनींचं मंदिर, नारळी पौर्णिमेला निघणारा रथ, ज्याच्या दोन्ही अंगांना गावाचा अख्खा पूर्व भाग लोटतो. मार्कंडेयांच्याच नावानं सहकारी रुग्णालय. सहकारी, हे लक्षात घ्या. कुणा दात्याच्या नावाची पाटी लावून उघडलेलं नाही, भागधारकांचं. मला वाटतं, परक्या गावात आलेल्या समाजाची पावलं याच क्रमानं पडतात. आधी खोली मिळवून देणं, मग भिशी, मग देव, मग शाळा आणि सगळ्यात शेवटी दवाखाना. देव शाळेच्या आधी का, असं मी एकदा आमच्या ऑफिसात येणाऱ्या एका म्हाताऱ्या खजिनदारांना विचारलं होतं. ते म्हणाले, "अवो, देवाची वर्गणी बुडवत नाहीत. वर्गणीची सवय तिथं लागते."

पोलीस ॲक्शन झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुरातूनच फौज निघाली, नळदुर्गाच्या रस्त्यानं, आणि १७ ला निजाम शरण आला. ज्या रस्त्यानं आजी आली त्याच रस्त्यानं रणगाडे गेले. दिवाळीपर्यंत वाड्यातली निम्मी माणसं परत गावाकडं गेली. मडक्यात अकरा पायल्या जोंधळे शिल्लक होते आणि त्यावरून मोठं भांडण झालं. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण अशा गोष्टी सांगताना आपण भांडणं गाळतो आणि मग त्या कीर्तनासारख्या वाटायला लागतात. परत जाणारे म्हणत, आमच्या मुठी आम्हाला द्या. राहणारे म्हणत, ती सगळ्यांची शिल्लक, वाटता येणार नाही. दोन भाऊ त्यावरून बोलायचे बंद झाले ते मरेपर्यंत. शेवटी जोंधळे विकून त्याची भिशी केली आणि ती रडतखडत चालली. मध्ये एकजण चार महिन्यांचे पैसे घेऊन पसार झाला, तेही झालं. पण १९७२ च्या दुष्काळात त्याच बाजूची माणसं पुन्हा वेशीवर आली तेव्हा विचारायला कुणीतरी होतं. थोरल्या आजोबांनी नवी वही घातली नाही. जुन्याच वहीत, कोरी पानं शिल्लक होती तिथून पुढं लिहायला घेतलं.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि मला जिथंतिथं ही वही दिसायला लागली.

आमच्या ओळखीचा कापडवाला दिवाळीआधी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला माल भरायला जातो. ती सिंधी लोकांची पेठ. पण त्याच जागेवर, वळिवड्याच्या छावणीत, त्यांच्याआधी १९४३ ते १९४८ सुमारे ५००० पोलिश माणसं राहिली होती, बहुतेक बायका न मुलं. रशियानं त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडं नेलेलं, तिथून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात. त्या बायकांनी पंचगंगेच्या काठी शाळा चालवल्या, चर्च मांडलं, पोरांची स्काऊट पथकं काढली. ते गेले, सिंधी आले. तेच बराकींचे ओटे, दुसऱ्या लोकांच्या चुली. कराचीच्या कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी मुंबईत १९४८ सालीच जयहिंद कॉलेज काढलं. स्वतःला घर नाही आणि कॉलेज काढतात. त्याच वर्षी भाई प्रताप यांनी सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन काढली, कच्छच्या महारावांकडून १५,००० एकर जमीन मिळाली आणि गांधीधाम वसलं. सिंध्यांना शरणार्थी शब्द खुपायचा. ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवून घेत. शब्दात बायका कुठं आहेत, हा माझा प्रश्न, पण तो सगळ्याच संस्थांना विचारावा लागेल. मडक्यात मूठ टाकायची बायकांनी, वहीत नाव पुरुषाचं. आमच्या वहीतसुद्धा आजीचं नाव 'अमुकची बायको' असंच होतं. तिच्या गाण्यांची नोंद झाली, नावाची नाही.

श्रीलंकेतल्या १९८३ च्या दंगलींनंतर तमिळ लोक समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. त्यांच्यातल्याच एस. सी. चंद्रहासन या वकिलानं १९८४ साली ऑफर नावाची संस्था काढली. काम करणारी माणसंही निर्वासितच. त्यांनी शाळा, आरोग्य वगैरे केलंच, पण मला सगळ्यात जवळचं वाटलेलं काम वेगळं. छावणीत जन्मलेल्या मुलांचे जन्माचे दाखले करायचे, आणि उद्या परत जायची वेळ आली तर तुम्ही त्या देशाचे आहात हे दाखवायला श्रीलंकेच्या नागरिकत्वाचे कागद मिळवायचे. म्हणजे पुन्हा वही. नाव, गाव, मागं कोण राहिलं. २००४ साली त्सुनामी आली तेव्हा हेच छावणीतले लोक किनाऱ्यावरच्या भारतीय कोळ्यांच्या मदतीला धावले. घेणारे देणारे झाले, असं कुणी म्हणेल. मला त्यात उलटापालट काही दिसत नाही. सगळं वाहून गेल्यावर पहिल्या रात्री काय लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

इंडोनेशियात, जकार्ताच्या दक्षिणेच्या डोंगरात चिसारुआ म्हणून गाव आहे. तिथं अफगाणिस्तानातून पळालेली हजारा माणसं दुसऱ्या कुठल्या देशात घेतील याची वाट बघत वर्षानुवर्षं अडकलेली. काम करायची परवानगी नाही, पोरांना शाळा नाही. २०१४ साली त्यांनी स्वतःच एक शिकवणी वर्ग उघडला. शिकवणारेही वाट बघणारेच. एखाद्या शिक्षिकेचं बोलावणं आलं की ती जाते, दुसरी तिच्या जागी उभी राहते.

हे वाचताना माझ्यातली ऑडिटरच्या ऑफिसातली बाई जागी होते आणि विचारते, यांना देणगी द्यायची कशी? नोंदणी नाही. खातं नाही. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा पाहिजे, आणि पत्ता नाही म्हणून तर माणूस निर्वासित. आपल्या देशानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही. कोण कुठल्या कागदावर राहतो ते समाजागणिक वेगळं. मोठ्या संस्था 'स्थानिक भागीदार' शोधतात, पण त्यांच्या अर्जात ऑडिट झालेले तीन वर्षांचे ताळेबंद मागतात. असे अर्ज मी भरलेले आहेत. मडक्याची गाठ आणि दोन गावांचे दोन साक्षीदार कुठल्या रकान्यात बसवायचे? आणि तरी उलटं बोलायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण नोंद नसलेल्या संस्थेत पैसे कसे जिरतात तेही मी पाहिलंय. चार महिन्यांची भिशी घेऊन पळालेला माणूस आमच्याच वाड्यातला होता.

आता एक राहिलं. ते सांगितल्याशिवाय ही वही मिटता येत नाही.

पोलीस ॲक्शननंतर त्याच रस्त्यानं दुसरी माणसं यायला लागली. मुसलमान. रझाकारांनी केलेल्याचा सूड ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर उगवला गेला. नेहरूंनी चौकशीला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांच्या अहवालात २७,००० ते ४०,००० माणसं मेल्याचा अंदाज आहे, आणि सगळ्यात वाईट हाल झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे. म्हणजे आमचाच जिल्हा. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही.

आजीला अहवाल ठाऊक नव्हता. तिला एक बाई ठाऊक होती. आश्विनातली दुपार, वाड्याच्या दारात एक बाई, कडेवर पोरगं, पोराच्या पायाला फडकं बांधलेलं. ती पाणी मागत होती आणि तिची बोली आमचीच होती, त्याच बाजूची. आजी तांब्या घेऊन गेली. मागून थोरले आजोबा आले. तीन-चार महिने ज्यांनी येईल त्याला आधी गाव विचारलं होतं, त्यांनी या बाईला काहीच विचारलं नाही. मडक्याची गाठ सोडली, एकट्यानंच, साक्षीदार न बोलावता, आणि शेरभर जोंधळे तिच्या पदरात घातले. ती गेली. शहरात तिच्या माणसांचाही कुठंतरी एखादा वाडा असेल, तिथंही कुणी वही घातली असेल, अशी मी आपली समजूत घालून घेते.

त्या दिवशीची नोंद वहीत होती. मोठी झाल्यावर मी आजोबांकडून ती मुद्दाम वाचून घेतली. खर्चाच्या बाजूला 'जोंधळे शेर १'. पुढं नाव नाही, गाव नाही. रकाने कोरे. सबंध वहीत ती तेवढी एकच ओळ तशी. मी तेव्हा नुकती कामाला लागले होते, नवी नवी ऐट. म्हटलं, आजोबा, याला व्हाउचर नसलेला खर्च म्हणतात, ऑडिटला आला तर मी हरकत घेईन.

"घे," ते म्हणाले. "तेवीच घे."

वाडा पडला तेव्हा वही कुणाकडं गेली कळलं नाही. आजीही २००९ साली गेली. खुंटा मात्र आहे. माझ्याकडं, खिडकीत. पाहुणे विचारतात, हे काय लाकूड?

गेल्या डिसेंबरात नातवासाठी घेतलेला स्वेटर त्याला बसेना. गळ्यातूनच उतरेना. बदलायला गेले तर गाळा झाकलेला. शेजारच्या गाळ्यातली पोरगी म्हणाली, आचा-ला, म्हणजे ताई, मुंडगोडला गेली, सासू आजारी, चार दिवसांनी येईल. मी परत फिरायला लागले तर तिनं थांबवलं. ताडपत्रीची दोरी सोडली, आतून एक खोकं ओढलं, दोन मापं काढून बघितली, मोठं माझ्या हातात दिलं, लहान घडी करून आत ठेवलं. चाळीस रुपये वरचे लागत होते. ते घेतले आणि वेगळ्या डबीत टाकले.

मग गल्ल्याखालून ती लांबट वही काढली. माझ्याकडं एकदा बघून, काही न विचारता, तिबेटीत एक ओळ लिहिली. मी चष्मा लावून वाकले. आयुष्य वह्या वाचण्यात गेलं, शाईवरून खोटा खर्च ओळखलेली बाई मी. ४० चा आकडासुद्धा मला त्यात सापडला नाही. पोरीनं वही मिटली, दोरी पुन्हा बांधली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोर्ड देखो, भैया."